कथेतला पिणारा माणूस: वाचकाचा कळवळा कुणाकडे आणि कधी वळवायचा

दारू पिणारं पात्र लिहायला घेतलं की बहुतेक जण आधी रात्र लिहितात. ग्लास, गेलेला तोल, आरडाओरडा, कोपऱ्यात रडणारी बायको. त्या प्रसंगात वाचकाला माणूस भेटत नाही, फक्त प्यायलेला माणूस दिसतो, आणि प्यायलेले सगळे साधारण सारखेच दिसतात. वाचक खरी बाजू घेतो किंवा सोडतो ती दुसऱ्या दिवशी सकाळी, माणूस शुद्धीत असताना. म्हणून पानांचा हिशेब सुरुवातीलाच करून ठेवा: रात्रीला अर्धं पान, सकाळला तीन.

खाली एकच पात्र धरून सगळं सांगितलं आहे, म्हणजे करून पाहता येईल. देवाजी, वय ४६, नागपूरच्या कळमना बाजारात मापारी, म्हणजे माल तोलणारा. बायको कुंदा, आयटीआयला जाणारा मुलगा अमोल, आणि घरात देवाजीची म्हातारी आई. पात्रं काल्पनिक आहेत. बाजार, संत्र्याचा बहार आणि भट्टी मात्र खरी आहेत.

आधी वहीत: काय, किती, कुठे, कशाच्या पैशाने

लिहायला बसण्यापूर्वी चार उत्तरं नक्की करा. कथेत त्यातलं एखादंच येईल, पण चारही ठरलेली नसली तर पात्र पानागणिक वेगळं पितं आणि वाचकाला ते जाणवतं.

काय पितो? भट्टीवरची देशी, वाईन शॉपमधून घेऊन गच्चीवर बसून प्यायलेली विदेशी, परमिट रूममधली बिअर, की गावाकडून आलेली मोहाची? ही चार वेगवेगळी माणसं आहेत. नागपुरात सरकारमान्य देशीच्या दुकानालाही लोक भट्टीच म्हणतात. तिथे माणूस उभ्या उभ्या घेतो, दहा मिनिटांत निघतो, चखना म्हणून फार तर फुटाणे. परमिट रूममध्ये दोन तास बसणं होतं, बोलणं होतं, बिलावरून ओढाताण होते. मैत्रीचा प्रसंग हवा असेल तर भट्टी चालत नाही. एकटेपणा दाखवायचा तर परमिट रूम चालते, पण मग वेटरला त्याचं नाव ठाऊक असू द्या.

मोहाबद्दल थोडं जपून. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी मोहफुलं वेचून केलेली दारू गोंड घरांत जन्म, लग्न, मरण, देवपूजा या सगळ्यांत असते. ती केवळ अधःपाताची खूण म्हणून वापरली की लेखकाचं अज्ञान दिसतं, आणि ज्या वाचकाच्या घरात ती देवापुढे ठेवली जाते तो वाचक तिथेच तुटतो.

किती पितो, हे मिलीलीटरमध्ये लिहून ठेवा. ४२.८ टक्के तीव्रतेची एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली, यात सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. ६५० मिलीच्या पाच टक्क्यांच्या बिअरमध्ये सुमारे २५ ग्रॅम, आठ टक्क्यांच्या स्ट्राँगमध्ये चाळीसच्या आसपास. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम काढून टाकतं. लिंबू, ताक, थंड पाण्याची आंघोळ, कडक चहा, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही. म्हणजे रात्री दहाला क्वार्टर संपवलेला देवाजी सकाळी सहाच्या सुमारास काट्यापाशी उभा असतो तेव्हाही रात्रीची थोडी त्याच्या अंगात असू शकते. रोजच्या सवयीमुळे बाहेरून काही दिसत नाही. तोल ठीक, बोलणं ठीक, फक्त एक आकडा चुकतो. हा आकडा तुमच्या कथेच्या फार कामाचा आहे. चुकलेल्या वजनाचा तोटा नरखेडहून रात्रभर गाडी घेऊन आलेल्या संत्रेवाल्या शेतकऱ्याला बसतो, आणि वाचकाला पहिल्यांदा कळतं की देवाजीच्या पिण्याची किंमत घराबाहेरही कुणीतरी मोजतंय.

पैशाचं उत्तर कामातूनच काढा. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. या महिन्यांत बाजारात काम असतं, हातात रोख असते. मे-जूनमध्ये नसते. कामाच्या दिवसांत तो स्वतःच्या पैशाने पितो, उन्हाळ्यात घरातल्या डब्यातल्या पैशाने. पिणं तेवढंच, पण वाचकाच्या मनात त्याचा दर्जा पार बदलतो.

त्याच तीन गोष्टी, क्रम वेगळा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून इथे वेळ घालवा. देवाजीबद्दल तीन गोष्टी घ्या:

एक, भरलेले कॅरेट पायावर पडून त्याची दोन बोटं गेली आणि तेव्हापासून रात्रीची सवय लागली.
दोन, अमोलच्या फीचे तीन हजार त्याने डब्यातून काढून भट्टीवर घालवले.
तीन, तो रोज रात्री, कितीही घेतलेली असो, आईचे पाय चेपून मगच झोपतो.

आधी बोटं, मग फी, मग आईचे पाय असा क्रम लावला तर वाचक पहिल्यापासून त्याला माफ करायला बसलेला असतो. फीची चोरी त्याला हळहळत सोसते आणि शेवटी डोळे पाणावतात. कथा गोड होते, पण काही ढवळलं जात नाही. आधी फी, मग आईचे पाय, मग बोटं असा क्रम लावला तर बोटं ही सबब वाटते. जखम शेवटी सांगितली की ती वकिलाच्या तोंडची वाटते, हे लक्षात ठेवा. आधी आईचे पाय, मग बोटं, आणि मग, शक्यतो त्याच पानावर, फी: हा क्रम सर्वांत टोचतो. वाचकाने नुकतंच त्याला जवळ घेतलेलं असतं आणि त्याच क्षणी तो डब्यात हात घालतो. आता वाचकाला त्याच्यावर रागवायचंय आणि आपल्यावरही, की आपण इतक्या लवकर कसे विरघळलो.

तिन्ही क्रम खरोखर लिहून पाहा, दोनदोनशे शब्दांत. मनातल्या मनात ठरवू नका. लिहिल्यावरच कळतं की जखम त्याने स्वतः सांगायची नाही. ‘माह्या पायाचं काय झालं ते कोनी पाहत नाही’ असं देवाजीच म्हणाला तर ते रडगाणं होतं. तीच गोष्ट चपलेच्या दुकानात घडू द्या. तो दोन मापांच्या चपला मागतो, दुकानदार म्हणतो जोडी फोडता येत नाही, आणि तो मोठ्या मापाची घेऊन पुढच्या भागात कापड कोंबतो. जखमेचा उल्लेख दुसऱ्याने, सहज, दुसऱ्याच कामाच्या ओघात केला तर वाचक स्वतः वाकून ती उचलतो.

सकाळ

आता तो प्रसंग, ज्यासाठी तीन पानं राखून ठेवली आहेत. त्यातला एक तुकडा जवळून पाहा:

कुंदाने चहा पुढे ठेवला. देवाजीने कप दोन्ही हातांनी धरला, तरी थोडा बशीत सांडला. त्याने बशी तिरकी करून तो परत कपात ओतला.
‘डब्यातले पैसे कुठी गेले जी?’
‘कोणते पैसे?’
‘अमोलच्या फीचे.’
‘मले काय माहीत? तूच ठेवले असशीन दुसऱ्या डब्यात.’
कुंदाने कणकेच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. पांढरा झालेला हात बाहेर काढला, झटकला, तुरीच्या डाळीचा डबा उघडला. देवाजी पाहत होता. तो म्हणाला, ‘वरच्या फळीवर पाह्य.’
ती स्टूलावर चढली. स्टूलाचा एक पाय आखूड होता. देवाजी कप खाली ठेवून उठला आणि तिने हात खाली आणेपर्यंत स्टूल धरून उभा राहिला.

यात दारूचा थेंब नाही. पण त्याने जे केलं ते रात्रीच्या कुठल्याही मारझोडीपेक्षा वाचकाला जास्त लागतं, कारण ते शुद्धीत केलंय. आपला वाचक नशेतल्या माणसाला बरंच सोडून देतो. ‘तो शुद्धीत नव्हता’ हे वाक्य आपल्याकडे घराघरांत बोललं जातं. पैसे नाहीत हे ठाऊक असताना बायकोला वरच्या फळीपर्यंत चढवणं मात्र कुणी सोडून देत नाही. आणि मग तोच स्टूल धरतो. या एका हालचालीमुळे वाचकाला त्याला पूर्ण टाकताही येत नाही. राग आणि माया एकाच कृतीत बसवा. आधी दोन पानं राग, मग दोन पानं माया अशी वाटणी केली की लेखकाचा हात दिसतो.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे पश्चात्तापाचं रडणं. देवाजी पाया पडला, रडला, पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की वाचकाचं काम संपतं, कारण माफ करायचं की नाही हा प्रश्न पात्रानेच सोडवून टाकलेला असतो. शपथ हवीच असेल तर ती चौथी असू द्या. पहिली पूर्ण वाक्यात झालेली असते. चौथ्या वेळी तो हात वर नेतो आणि अमोल डोकं बाजूला घेतो, एवढंच.

कुंदाला देवी करू नका

१९१९ मध्ये नागपूरजवळच्या सावनेरला राम गणेश गडकरी वारले, आणि त्यानंतर रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ने मराठी माणसाच्या मनात दारूच्या गोष्टीचे तीन साचे पक्के केले: बुडणारा सुधाकर, सोसणारी सिंधू आणि हसवणारा तळीराम. सुधाकरच्या हाती पहिला प्याला देणारा तळीरामच, तरी प्रेक्षकांनी त्याच्यावर इतका जीव लावला की त्याचं नाव भाषेत सामान्यनाम होऊन बसलं. कळवळा न्यायाने वाटला जात नाही, याचा याहून मोठा पुरावा मराठीत नाही. जो हसवतो त्याला वाचक खूप उशिरापर्यंत माफ करत राहतो. तुमच्या कथेतला देवाजीचा दोस्त बबन विनोदी असेल तर तो विनोद कुणाच्या जिवावर चाललाय हे एकदा तरी दाखवा. सोपा उपाय असा: बबनचा सगळ्यात चांगला विनोद अमोलसमोर करवा, आणि सगळे हसताना कॅमेरा अमोलवर ठेवा.

सिंधूचा साचा मात्र आता मोडावाच लागेल. नुसतं सोसणाऱ्या बाईबद्दल वाचकाला दया वाटते, पण तो तिच्यात गुंतत नाही. कुंदाला राग द्या, हिशेब द्या, आणि एक चूक द्या जी तिचीच आहे. उदाहरणार्थ, ती स्वतः भट्टीवर जात नाही, रोज अमोलला पाठवते. ‘बाबा, चला न घरी’ म्हणत पोरगा दाराशी उभा राहतो, आत त्याच्या वर्गमित्राचा बापही उभा असतो. कुंदाला हे कळतं, तरी ती पाठवते, कारण ती गेली तर मोहल्ल्यात बोलणं होईल. या पानावर वाचक तिच्यापासून पाऊलभर मागे सरतो. सरू द्या. तो परत येईल तेव्हा तिच्या सोसण्यामुळे येणार नाही, तिला ओळखून येईल.

एकाचा कळवळा वाढला की दुसऱ्याचा कमी व्हायलाच हवा असं मुळीच नाही. चांगल्या प्रसंगात दोघांचाही वाढतो, आणि त्या दोघांना एका घरात राहायचंय हे वाचकाला असह्य होतं.

कोण कुठला शब्द वापरतं

शेजारी ‘बेवडा’ म्हणतो. बबन ‘जराशी घेतली’ म्हणतो. बाजारात ‘आज फुल्ल आहे’ म्हणतात. कुंदा ‘घेऊन आले’ म्हणते, कारण दारू हा शब्द तिला घरात नको असतो. आई म्हणते ‘देवा थकून आला’. प्रत्येक पात्राला त्याचा एकच शब्द नेमून द्या आणि पाळा. मग ज्या दिवशी आई पहिल्यांदा शेजाऱ्याचा शब्द वापरेल, त्या दिवशी तुम्हाला वेगळं काही लिहावं लागणार नाही.

निवेदकाने यातला कुठलाच शब्द घेऊ नये. निवेदकाने ‘दारुडा’ म्हटलं की निकाल लागला.

प्यायलेल्याचं बोलणं लिहिताना अक्षरं ताणू नका. ‘मीऽऽ प्यायलोऽऽ नाऽऽय’ हे नाटकातल्या हशासाठी ठीक, कागदावर खोटं दिसतं. खरं म्हणजे प्यायलेला माणूस शुद्धीत असल्याचं दाखवायला धडपडत असतो. तो जास्त नीट वागतो, चपला जोडीने लावून ठेवतो, दाराची कडी दोनदा तपासतो, आणि एकच वाक्य धरून बसतो: ‘आज नाई घेतली. विचार तू बबनले. बबन होता न संग. बबनले विचार.’ त्याच्या बोलण्यातली साक्ष वाढत जाते, मुद्दा तिथेच राहतो. अंगणातला आवाजही पुरतो. स्कूटर स्टँडवर लावायला किती वेळा प्रयत्न होतो यावरून कुंदाला आतूनच कळतं. एकदा म्हणजे भाजी गरम करायची, तिसऱ्यांदा म्हणजे अमोलला झोपेचं सोंग घ्यायला सांगायचं.

शरीराच्या चुका, ज्या कथा पाडतात

आठवण जाणं आणि बेशुद्ध पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरभर आणि भरपूर प्यायल्यावर मेंदू नवीन आठवण साठवणं थांबवतो, पण माणूस चालतो, बोलतो, पैसे मोजतो. सकाळी त्या वेळेची पाटी कोरी असते. म्हणून ‘मला काही आठवत नाही’ हे प्रत्येक वेळी खोटं नसतं, आणि पात्राला स्वतःलाही ते खोटं आहे की खरं हे सांगता येत नाही. संशयाची अख्खी कथा यावर उभी राहू शकते.

गाडी चालवण्याचा प्रसंग असेल तर आकडा बरोबर ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमची आहे. रिकाम्या पोटी घाईत क्वार्टर घेतलेला साठ किलोचा माणूस त्याच्या चौपटीच्या आसपास किंवा पुढे असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं, दारू सुटण्याचे दिवस. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होतात, वेळ-जागेचं भान जातं. ही जीवघेणी अवस्था आहे, दवाखान्यात न्यावंच लागतं. कथेत लोक दारू अशी सोडतात जणू उपवास धरला. त्याऐवजी हे करून पाहा: देवाजीच्या पुतणीचं लग्न आहे, आणि या वेळी त्याने खरंच थेंब घेतलेला नाही. तिसऱ्या दिवशी, ऐन हळदीत, तो मांडवाच्या कापडावरून किडे झटकू लागतो, अनोळखी माणसांना हाक मारतो. सगळे म्हणतात, आजही पिऊन आलाच. वाचकाला एकट्याला ठाऊक असतं की नाही आला. ज्या दिवशी तो सर्वांत जास्त प्यायलेला दिसतो त्याच दिवशी तो कोरा असतो. कळवळा इतक्या जोराने फिरवणारा प्रसंग दुसरा सापडणं कठीण, आणि तो पूर्णपणे वैद्यकीय सत्यावर उभा आहे. मात्र सोडल्याचे आधीचे दोन दिवस वाचकाच्या डोळ्यांसमोर घडायला हवेत. ते लपवून शेवटी उघड केलंत तर ती चलाखी होईल.

जागा आणि साल तपासा

विदर्भात लिहिताना जिल्हा बदलला की कायदा बदलतो. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे २०१८ च्या चंद्रपुरात पात्र उघड बारमध्ये बसू शकत नाही, आणि वर्ध्याच्या माणसाचं पिणं नेहमीच थोडं प्रवासाचं आणि थोडं चोरीचं असतं. पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या नागपुरात तो ‘कामासाठी’ येतो तेव्हा त्याच्या घरच्यांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक असतो. नागपूरच्या पात्राला असा आडोसा नसतो. त्याची भट्टी शाळेच्या वाटेवरही असू शकते.

खर्डा झाल्यावर

तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. जिथे कुणी पिताना दिसतं तिथे निळी रेघ, जिथे त्याची किंमत दुसरं कुणी मोजतं तिथे लाल, जिथे पिणारा शुद्धीत काही करतो तिथे हिरवी. निळ्यानंतर दोन पानांत लाल नसेल तर तो पिण्याचा प्रसंग नुसती सजावट आहे, काढा. निळी हिरवीपेक्षा जास्त भरली तर रात्री कापा. लाल सगळी एकाच पात्रावर पडली असेल तर बहुधा तुमची कुंदा पुन्हा देवी झालीय; थोडी लाल आईकडे, शेतकऱ्याकडे, बबनच्या घराकडे सरकवा.

मग दोन वाचक शोधा, शक्य तर एक असा ज्याच्या घरात हे झालेलं नाही. ज्याच्या घरात झालंय त्याला द्यायचं असेल तर आधी विचारा, आणि नाही म्हणाला तर कारण विचारू नका. दोघांना सांगा, प्रत्येक पानाच्या तळाशी फक्त एक नाव लिहायचं: या क्षणी तुम्ही कुणाच्या बाजूने आहात. अभिप्राय नको, नाव हवं. चार हजार शब्दांच्या कथेत नाव दोन-तीनदा बदललं तर पुरे. बारा पानं एकच नाव आलं तर क्रमाच्या भागाकडे परत जा. पानागणिक बदललं तर वाचकाला कुठेच टेकू मिळत नाहीये. मधला एखादा प्रसंग काढून सकाळ लांबवा. आणि एखाद्या पानावर वाचकाने दोन नावं लिहिली, किंवा एक लिहून खोडलं, तर त्या पानाला हात लावू नका.